नावानं मागायचं नेटवर्क

आमच्या लॅबमध्ये पेपर कमी आणि किस्से जास्त साठलेत. चहाला बसलं की एक निघतो, त्याच्या मागनं दुसरा. ऐकणारे हसतात. आम्ही मात्र हसता हसता मध्येच गप्प होतो, कारण आम्ही तिथं होतो!

बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही तिघं उद्याच्या इंटरनेटचा आराखडा करतोय. बोरगावचे मगदूम सर आमचे गाइड, शहापूरच्या विणकर घरातली शोभाक्का आणि निपाणीचा मी. आजच्या इंटरनेटवर काही हवं असेल तर ते ज्या मशीनवर आहे त्याचा पत्ता लागतो. आमच्या नेटवर्कवर नुसतं नाव सांगायचं. जवळच्या ज्या डब्यात, म्हणजे छोट्या सर्व्हरमध्ये, कॉपी असेल, तो डबा देणार. असे डबे बेळगाव, निपाणी आणि चिकोडीत बसवले. सर म्हणायचे, "पत्ता कशाला पाहिजे रं? नाव सांग, दारात येतंय!"

पहिला झटका नावानंच दिला.

चिकोडीतल्या एका छोट्या दवाखान्यानं ट्रायल म्हणून आपले रिपोर्ट आमच्या नेटवर्कवर टाकले होते. एक म्हातारे आप्पा तपासायला गेले. डॉक्टरांनी नाव टाकलं, रिपोर्ट उघडला आणि त्यांचा चेहरा पडला. "आप्पा, दोन्ही किडन्या लई खराब झाल्यात. लेकीला बोलवा."

लेक धावत आली. रिपोर्ट बघून ओरडलीच, "डॉक्टर, हितं वय चौतीस लिवलंय! आमचं आप्पा सत्तरीचं हाईत!"

त्याच नावाचा दुसरा माणूस! डॉक्टरांचा फोन आला तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. सरांनी नाही टाकला. त्यांनी फोनवरच विचारलं,

"मग त्या चौतीसच्या माणसाला काय सांगितलं असंल?"

'सगळं नॉर्मल आहे' सांगून त्याला घरी पाठवलं होतं. संध्याकाळी तो सापडला, उपचार सुरू झाले. तोवर आमच्यापैकी कुणी जेवलं नाही.

दुसरा किस्सा शोभाक्काचा. तिच्या भावाचं साडीचं नवं डिझाइन अजून मागावर चढायचं होतं. तिनं ते टेस्टसाठी नेटवर्कवर टाकलं आणि काम झाल्यावर पुसलं. दुसऱ्या दिवशी सहज नाव टाकून बघितलं. आलं! बेळगावचा डबा बंद केला. तरी आलं! निपाणीचा, चिकोडीचा, सगळे बंद केले. तरी आलं! टेस्टमधल्या ज्या ज्या फोननं ते मागितलं होतं, त्या प्रत्येकात कॉपी राहिली होती.

"आता कसं, आक्का?" मी विचारलं.

"भावाला काय सांगू, ते सांग आधी."

लोकांच्या फोनांत गेलेलं ते डिझाइन भावानं मागावर चढवलंच नाही.

एकदा सरांनी निपाणीची केबल मुद्दाम काढायला लावली. बेळगावची माहिती चिकोडीला न्यायला नेटवर्कनं आपला आपण दुसरा रस्ता शोधायचा, एवढीच टेस्ट. शोधला की! आम्ही टाळ्या वाजवल्या. मग स्क्रीनवर रस्ता बघितला. बेळगाव, चिकोडी आणि मध्ये एक मशीन, जे आमच्या यादीतच नव्हतं.

"टाळ्या थांबवा," सर म्हणाले.

पंधरा दिवस शोधलं. ते मशीन कुणाचं, कळलं नाही.

आणि शेवटचा. सरांनी पुसायचा हुकूम तयार केला. एक नाव दिलं की सगळ्या डब्यांतनं, सगळ्या फोनांतनं ती गोष्ट गेली. पण सरांच्या डिजिटल सहीशिवाय हुकूम चालत नाही, आणि त्या सहीची किल्ली सरांच्या गळ्यातल्या पेन ड्राइव्हमध्ये.

एके दुपारी आम्ही तिघं लॅबमध्ये जेवणाचा डबा खात होतो. दवाखान्यातनं फोन आला. "सर, रिपोर्ट एकेक करून गायब व्हायला लागलेत!"

"प्लग काढा! सगळे काढा!" सर ओरडले. डॉक्टरांनी तिकडचा ओढला, मी इकडचा. निम्मे रिपोर्ट वाचले. बाकीचे पुढं कागदी फायलींवरनं परत भरावे लागले.

शोभाक्कानं लॅपटॉपवर नोंदी उघडल्या. दोनदा वाचल्या.

"बोल की गं! हुकूम कुणी दिलाय?"

"सर... सही तुमची हाय. पाच मिनिटांपूर्वीची."

पाच मिनिटांपूर्वी सर आमच्यासमोर भाकरी मोडत होते. त्यांनी गळ्यातली दोरी ओढली. पेन ड्राइव्ह तिथंच होता.

"मी न्हाय गं," सर म्हणाले.

"मला म्हाईत हाय, सर," शोभाक्का म्हणाली. "म्हणूनच भ्या वाटतंय."