वारेचं रक्त

"मुलगा आहे का, हेच बघायचंय ना तुला?"

मी सोनोग्राफीच्या टेबलावर उताणी पडलेली. साडी वर, परकर खाली सारलेला. पोटावर गार चिकट मलम. पाचवा महिना. दार उघडंच, नुसता पडदा. पडद्याच्या पलीकडं बाकावर माणसं.

मी म्हणाले, "न्हाई डॉक्टर. वारंतनं बाळाला रगत नीट जातंय का, तेवढं बघा. सिस्टरबाईंनी सांगितलंय."

डॉक्टर हसला. शेजारच्या मुलीला म्हणाला, "आता ह्या आपल्याला शिकवणार." मग माझ्याकडं वळून, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात, "दोन मुली झाल्यात. आता तिसरं. आणि म्हणे वार बघा. बाहेरचा बोर्ड वाचता येतो ना? तसले धंदे इथं चालत नाहीत. पूस पोट आणि ऊठ."

पुसायचा कागद पोटावर फेकला. मी पुसलं. उठले.

बाहेर सगळ्यांनी ऐकलं होतं. चांगल्या घरातली एक बाई दुसरीला म्हणाली, "ह्यांच्यामुळंच मुली मरतात." हळू म्हणाली, पण मला ऐकू येईल एवढी हळू.

माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तरी मला माझ्या चपला दिसेनात.

मी भाजे गावाच्या बाजूची. लोणावळ्याला तुंगार्लीत एका बंगल्यावर भांडी आणि झाडलोट करते. मालक मुंबईचे, शनिवार-रविवार येतात. नवरा सेंट्रिंगच्या कामावर जातो. दोन मुली, दोघी शाळेत. मुलगा सासूला हवा होता. मला तिसरं नकोच होतं. पण राहिलं, आणि राहिलं तसं ते माझं झालं.

पाय सुजायला लागले. बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंनी दंडाला पट्टा बांधला. पुन्हा एकदा बांधला. म्हणाल्या, "बीपी वाढलंय गं. धाकटीच्या वेळेलाही वाढलं होतं ना? लोणावळ्यात जाऊन डॉपलर सोनोग्राफी करून घे. वारेतून बाळाला रक्त कसं जातं ते त्यात दिसतं. कमी जात असलं तर आधीच सावध होता येतं."

चिठ्ठी दिली. ती डॉक्टरनं वाचलीच नाही. काउंटरवरच्या मुलीनं आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर तिचं 'तुम्ही'चं 'तू' झालं. मग मुलं किती ते विचारलं. "दोन्ही मुलीच?" म्हणाली. तिथंच माझा निकाल लागला होता.

रिपोर्टात लिहिलं, बाळ ठीक. वारेबद्दल एक ओळ नाही. नवरा म्हणाला, "एवढा मोठा डॉक्टर. त्याला कळत नसंल व्हय?" तोवर सिस्टरबाईंची बदली झाली. नव्या बाईंनी रिपोर्ट बघितला, लोहाच्या गोळ्या दिल्या.

सातव्या महिन्यात एक रविवार. बंगला पाहुण्यांनी भरलेला. सकाळपासून डोकं फुटायला आलेलं. डोळ्यांपुढं काजवे. बरगडीखाली कळ. मी मोरीत बसून पातेली घासत होते.

पुढचं मला आठवत नाही. लोकांनी सांगितलं ते एवढंच. झटके आले. जीभ चावली. पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, हिला फिट येते, कांदा हुंगवा. एकशेआठला फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली. पण रविवारचं लोणावळं. भुशी धरणाकडं निघालेल्या गाड्यांची रांग लागलेली. ती गाडी त्या रांगेत अडकली. हॉर्न वाजवत उभी राहिली.

पुण्याला शुद्धीवर आले. पोट रिकामं. उशाशी तरुण डॉक्टरीणबाई. त्यांनी विचारलं, "डॉपलर कुणी केली नव्हती का तुमची? वारेतून रक्त फार कमी जात होतं. पाचव्या महिन्यात बघितलं असतं तर बहुतेक अंदाज आला असता."

मी म्हणाले, "करायला गेलते."

त्यांनी हातातला केसपेपर खाली ठेवला.

मुलगी होती. ओंजळीत मावेल एवढी. नवऱ्यानं पुरली. मी तिचं तोंड बघितलं नाही. कुणी दाखवलंच नाही.

घरी आल्यावर सासू म्हणाली, "पोरगीच हुती न्हवं. तुझा जीव वाचला, लय झालं."

डॉक्टरनं ठरवलं, हिला मुलगी नको. सासू म्हणाली, मुलगीच तर होती. मला ती हवी होती. हे मला कुणी विचारलंच नाही. ना त्या सोनोग्राफी सेंटरात, ना माझ्या घरात.

यंदा माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेले. तिला लोणावळ्याजवळच्या औंढ्याला दिलीय. पहिलंच. पाचव्यात तिचेही पाय सुजले, बीपी वाढलं. तशीच चिठ्ठी मिळाली. मी म्हणाले, मी येते.

तेच सेंटर. तोच डॉक्टर. त्यानं मला ओळखलं नाही. कशाला ओळखेल? बहिणीनं भीतभीत वारेचं नाव काढलं. तो म्हणाला, "पहिल्या खेपेलाच मुलगा हवाय वाटतं?"

तिनं मान खाली घातली. साडी सारखी करून उठायला लागली. अगदी माझ्यासारखी.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पडून ऱ्हा. उठू नगंस."

मग त्याला म्हणाले, "डॉक्टर, मागं ह्या टेबलावर मी हुते. तुमी मला मुलग्यावरनं बोललात. माझी मुलगी हुती. मेली. हिच्या वारंचं रगत बघा. मुलगा का मुलगी, आमाला सांगू नका. रगत बघा."

"तू बाहेर हो."

"न्हाई जात."

"पोलिसांना बोलावू?"

"बोलवा. त्यांच्यापुढं बघा."

माझा आवाज फाटत होता. पण मी हलले नाही.

त्यानं बटणं दाबली. काळ्या पडद्यावर लाल-निळं चमकायला लागलं. आतून फुस्स-फुस्स आवाज. तो हातातलं यंत्र पुन्हा पुन्हा पोटावर त्याच जागी फिरवत राहिला. चेहरा उतरला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "रक्त कमी जातंय. हिला पुण्याला न्या."

माफी मागितली नाही. मलाही नको होती.

बहीण आज पुण्याला वॉर्डात पडून आहे. गोळ्यांनी बीपी उतरत नाही. बाळ वाढत नाही. डॉक्टर म्हणतात, लवकर काढावं लागेल, आणि काढलं तर जगेल असं सांगता येत नाही. तिचा नवरा मला म्हणतो, "आक्का, आधी कळून काय उपेग झाला?"

मशीन दाखवतं, वाचवत नाही. बहीण भिंतीकडं तोंड करून झोपते. मी तिला कसलीही आशा दाखवत नाही. खोटं कशाला बोलू? एवढंच खरं की झटके आलेच, तर ती दुसऱ्याच्या मोरीत पडलेली नसेल.

सेंटरात आता सांगून ठेवलंय, ह्या बाईला आत घ्यायचं नाही.

तरी सोमवारी मी तिथंच जाणार आहे. आमच्या वस्तीतली एक पोर आहे, तिचंही बीपी वाढलंय. बंगल्यावर सांगितलं, सोमवारी येणार नाही. "काम जाईल," मालकीणबाई म्हणाल्या. जाऊ दे. दारात अडवलं तर दारात बसेन. ढकललं तर पुन्हा उठून बसेन.

त्या पोरीला मी एवढंच सांगितलंय, "तो वाट्टेल ते बोलंल. तू मान खाली घालू नगंस. बोलायला मी हाय."