शाबूत पाय

हौसराव कोळपे रेफ्री असला की दौंडची पोरं आधीच हसायची. त्याची खोडच तशी! बाप-आजानं वरवंडच्या माळावर जन्मभर मेंढरं राखलेली. मेंढरू पडलं की आधी पाय चाचपायचा, कुणी पाडलं ते मागनं, असं आजानं शिकवलेलं. पुढं हौसराव दौंडच्या रेल्वे यार्डात खलाशी लागला, फुटबॉलचं वेड लागलं, गळ्यात शिट्टी आली. पण खोड काही जाईना. खेळाडू पडला की हा शिट्टी वाजवून धावायचा, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बोटं फिरवायचा आन् म्हणायचा, "शाबूत हाय. ऊठ गड्या." फ्री किक द्यायचा. पण पाडणाऱ्याला कार्ड? अहो, पाय मोडलाच नाही तर कार्ड कशाचं!

नव्व्याण्णव सालची फायनल, दौंड विरुद्ध शिरूर. शिरूरकडून यवतचा अनिस शेख पुढं खेळत होता. काय पळायचं पोरगं! दौंडवाल्यांनी त्याच्यावर तोडगा काढलेला: एकट्यानं मारायचं नाही, पाळीपाळीनं मारायचं. एकदा त्यांचा बॅक संपत, मग दुसरा, मग तिसरा. कुणा एकाच्या अंगावर काही येत नाही.

हे हौसरावच्या ध्यानात आलं. लांडगे असंच करतात, एकेक येऊन एकच मेंढी दमवतात. पण मैदानाभोवती सगळं दौंड उभं होतं. "नाटकी हाय त्यो! उठवा त्याला!" शिवाय संपत त्याच्याच यार्डातला, उद्या सकाळी त्याच्याबरोबरच काम. पुढच्या टायमाला देतो कार्ड, असं हौसराव मनाशी म्हणाला. पुढच्या टायमालाही तेच म्हणाला.

हाफटाइमनंतर संपतनं अनिसच्या नडगीवर सरळ लाथ घातली. हौसराव धावला, वाकला, हात पुढं केला. अनिसनं पाय झटकन पोटाशी घेतला.

"मामा, हात नका लावू!" पोरगं ओरडलं. "तुमी शाबूत हाय म्हंता, आन् ते परत येत्यात. मोडल्यावरच थांबवणार व्हय?"

हौसरावनं हात मागं घेतला. तो उभा राहिला आन् संपतला लाल कार्ड दाखवलं. मैदानावर गलका उठला, एक चप्पल कानाजवळनं गेली. संपत अगदी नाकाशी येऊन म्हणाला, "उद्या यार्डात ये, मग बघतो." हौसराव मनातून पार गळाला होता, पण कार्ड त्यानं खाली घेतलं नाही. संपत बाहेर गेला. बाकीच्यांनी पाय आवरले.

सुटलो एकदाचा, असं हौसरावला वाटलं. तेवढ्यात बॉल अनिसकडं आला. समोर मैदान मोकळं, नुसता गोलकीपर. शिरूरची माणसं ओरडली, "पळ, अनिस, पळ!" अनिसनं दोन पावलं टाकली, मागं वळून बघितलं आन् बॉल बाजूला ढकलून दिला. मागं कुणीच नव्हतं.

मग तो बॉलकडं फिरकलाच नाही. हौसराव डावीकडं गेला की तो डावीकडं, हौसराव उजवीकडं गेला की तो उजवीकडं. शेवटची शिट्टी होईपर्यंत पोरगं भ्यालेल्या मेंढीगत त्याच्या पाठीला धरून पळत राहिलं. लंगडत नव्हतं, पाय शाबूत होता. हौसरावला रडू आवरेना.