लाल चौकड्यांचं अस्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि — आमच्या लोकांना हे खरं वाटणार नाही — कुमसारातसुद्धा नाही. कुमसार म्हणजे जाळीच्या पलीकडे बसलेल्या फादरसमोर गुडघे टेकून आपली पापं सांगणं. नाताळच्या आधी आम्ही सगळेच ते करतो. मीही करते. रागावले, रविवारची मिस्सा चुकवली, खोटं बोलले... एवढं म्हणते आणि पुढे सरकते. कुठलं खोटं, ते फादर विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? कारण तुम्ही मला ओळखत नाही. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तुम्ही मला भेटणार नाही. भित्र्या बाईचं धाडस ते केवढं असणार!

मी हिल्डा. लग्न होऊन गिरगावातल्या वाडीत आले, ती तिथलीच झाले. दादरच्या एका शाळेत हस्तकला शिकवते. घरात मी, माझा नवरा विल्सन आणि विल्सनची आई. तिला मी पहिल्या दिवसापासून मम्मी म्हणायचे, आणि आईला करतो तसं अरेतुरेच करायचे. तिलाही तेच आवडायचं. भांडणं व्हायची, नाही असं नाही. मिठावरून व्हायची, पंख्यावरून व्हायची. पण ती वाईट सासू नव्हती. हे मुद्दाम आधी सांगून ठेवते, नाहीतर ऐकता ऐकता तुम्ही माझी बाजू घ्यायला लागाल. घेऊ नका.

मम्मी रोज साधे फ्रॉक घालायची. पण तिच्या पेटीच्या तळाशी एक लुगरं होतं — लुगड्याला आमच्या घरात लुगरं म्हणतात. लाल चौकड्यांचं, हातमागाचं, रुंद काठाचं, नऊवारी. तिच्या लग्नातलं. ते तिनं स्वतःच्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. "मना फ्रॉकात नका पुरू गो," असं ती मला हसत हसत सांगायची, जणू उद्या बाजारात काय आणायचं ते सांगतेय. वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, शिवडीला जाऊन नवऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावून आली की ती लुगरं बाहेर काढायची. गॅलरीत ऊन द्यायची, कडुलिंबाचा जुना पाला झटकून नवा घालायची आणि पुन्हा घडी करून तळाशी ठेवायची. बाकी वर्षभर त्याला कुणी हात लावायचा नाही.

म्हणजे मला माहीत होतं. ते कसलं कापड आहे हे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

आता नाताळच्या भेटवस्तूंकडे येते. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती, पण पाय मागे ओढतात. त्या वर्षी मी चर्चच्या हॉलमध्ये उभी राहून एक भाषणच ठोकलं होतं. नाताळ म्हणजे नुसती खरेदी झालीय, चकचकीत कागद, प्लॅस्टिकचे डबे, आणि सव्वीस तारखेला सगळं कचऱ्यात. या वर्षी आपण काही विकत आणायचं नाही. घरात आहे त्यातूनच हातानं करायचं. चर्चमधल्या जळून उरलेल्या मेणाच्या तुकड्यांच्या मेणबत्त्या, संत्र्याच्या वाळवलेल्या साली आणि लवंगा, आणि ते सगळं घालायला जुन्या कापडाच्या नाडीच्या पिशव्या. वर बांधायला वर्तमानपत्र आणि सुतळी. टाळ्या पडल्या. बायकांचा ग्रुप झाला, फोटो फिरू लागले. फादरनी वेदीवरून माझं नाव घेतलं. आणि मी — शाळेत ज्या विषयाचा तास कुणालाही देऊन टाकतात त्या विषयाची बाई — मी फुलून गेले. आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक कॅथलिक घरात माझ्या हातची पिशवी जाईल, असं मी त्या भरात बोलून बसले.

बाहेरून लावायला जुने पडदे होते, फुलाफुलांचे. पण एकेरी पिशवीतून मेणाचा चुरा गळतो, अस्तर हवंच. जुन्या चादरी संपल्या. हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन सुती कापड आणणं काही कठीण नव्हतं. एका फेरीचं काम. पण विकत आणायचं नाही असं मीच सगळ्यांना सांगितलेलं! कुणी पिशवी उघडून नवंकोरं कापड पाहिलं असतं तर? एवढीशी नाचक्की मला सोसवेना.

तो बुधवार होता. मम्मी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेली होती. भर दुपारी, लख्ख उजेडात, मी तिची पेटी उघडली. स्वतःला काय सांगितलं ते सांगू? नोव्हेंबर नुकताच गेलाय, आता वर्षभर ती हे काढणार नाही, तोवर अगदी असंच दुसरं शोधून ठेवीन. आणि एवढं सुंदर कापड मातीत घालायचं, तेही वायाच ना? हो, हेही मनात आलं होतं. कापड वाया घालवू नका — माझंच भाषण. आधी मी काठ कापले, त्यांच्या नाड्या केल्या. नाड्या बाहेर दिसतील म्हणून चहाच्या पाण्यात उकळून त्यांचा रंग बुडवला. हे ज्या बाईला सुचतं तिला सगळं कळत असतं, नाही का?

पिशव्यांचं कोण कौतुक झालं. आतलं अस्तर तर सगळ्यांनी बोट घालून घालून पाहिलं. कुठून आणलंस एवढं छान कापड? घरातलंच जुनं, मी म्हणत होते. आणि घरातल्या प्रत्येकाला भेट द्यायची, तशी एक पिशवी मी मम्मीलाही दिली. तिच्यापुरतं कुठल्याही पांढऱ्या चिंधीचं अस्तर लावता आलं असतं. कंटाळा केला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पिशवीच्या आतलं तिला काय दिसणार, असा विचार मी केला. तिनं पिशवी गालाला लावली, माझ्या कपाळावर क्रूस काढला आणि आपली जपमाळ त्यात ठेवली.

दुसरं लुगरं मी शोधलं, अगदीच नाही असं नाही. वसईपर्यंत जाऊन आले. तसा माग आता कुणी चालवत नाही म्हणाले. मग शाळा, परीक्षा, पाऊस... आणि नोव्हेंबर आला.

ती शिवडीहून आली, पाय धुतले, पेटी उघडली. मी स्वयंपाकघरात होते. पेटीतलं एकेक बाहेर निघतंय ते ऐकू येत होतं. मग हाक आली, "हिल्डा, माजं लुगरं कुठं गेलं गो?" मी बाहेर गेले. तेव्हा सांगता आलं असतं. शिव्या दिल्या असत्या, रडली असती, विल्सन महिनाभर बोलला नसता — त्याहून काय झालं असतं? पण माझ्या तोंडून निघालं, "मम्मी, असं काय करतेस? तूच नाही का दिलंस चर्चच्या गरिबांच्या पेटीत? मेल्यावर कशाला मिरवायचं, असं तूच म्हणालीस."

एवढं तयार वाक्य. ते मी कधी रचून ठेवलं होतं, मलाही माहीत नाही.

तिनं पेटीचं झाकण लावलं. मग खाली बसली. "मी दिलं?" म्हणाली. परत म्हणाली, "मी?" तिला माझा संशय आला नाही हो. आला असता तर बरं झालं असतं. तिला स्वतःचाच संशय आला.

तिथून ती जी ढासळली, ती मी रोज पाहिली. आधी ती पेटी पुन्हा पुन्हा उपसायची. गादीखाली बघायची, शेजारी जाऊन विचारायची. मग बाकीच्या गोष्टींवरचा विश्वास उडाला. आपण जेवलो का, औषध घेतलं का, दार लावलं का, हे ती मला विचारायची. मलाच! आमच्या घरी उन्हाळ्यात वर्षाचा मसाला होतो. त्यात काय किती पडतं ते कधी कुणी मोजलं नाही, मम्मीच्या हाताला ठाऊक असायचं. त्या वर्षी ती मिरच्यांसमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. "चुकलं तर?" म्हणाली. आणि उठून गेली.

विल्सननं तिला डॉक्टरकडे नेलं. पहिलं काय लक्षात आलं, डॉक्टरांनी विचारलं. लुगड्याची गोष्ट विल्सननंच सांगितली, मी शेजारी बसून ऐकली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी — मी मान डोलावली. वयोमानानं होतं, आता सांभाळून घ्या, ते म्हणाले. मग आम्ही सांभाळून घेतलं. गॅसला हात लावू द्यायचो नाही. किल्ल्या काढून घेतल्या. चर्चला एकटी सोडेनासे झालो. त्या घरात ती माझ्याआधी कितीतरी वर्षं राहत होती आणि आता चहा हवा असला की तिला मला विचारावं लागायचं.

तोंड उघडलं असतं तर हे सगळं त्या क्षणी थांबलं असतं. मी रोज ठरवायचे. आज चहा देताना सांगीन. आज विल्सन कामावर गेला की सांगीन. तुम्हाला वाटेल, छळ चालला होता माझा. होता. पण तो मी सोसू शकत होते, म्हणूनच चालला ना?

पुढच्या पावसाळ्याआधी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ती शांत झाली. शोधाशोध बंद. प्रश्न बंद. किल्ल्या परत मागितल्या नाहीत. खिडकीशी बसून जपमाळ ओढायची. रोग पुढे सरकला, असं आम्ही धरून चाललो. एकच गोष्ट ती न चुकता विचारायची. नाताळच्या आधी, प्रार्थनेच्या वेळी, माझा हात धरून, "हिल्डा, कुमसाराला जाऊन आलीस?" मी हो म्हणायचे. "सगळं सांगितलंस?" मी हो म्हणायचे. ती हात थोपटून सोडून द्यायची. म्हाताऱ्या बायका विचारतातच असलं काही, मी म्हणायचे.

यंदाच्या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, ती गेली. सकाळी, झोपेतच. तिला आंघोळ घालून कपडे चढवायला मीच पुढे झाले, सुनेचंच काम ते. निळा रेशमी फ्रॉक मी आणून ठेवला होता. नवा. विकत आणलेला. जपमाळ हातात गुंडाळायची म्हणून उशीखाली हात घातला आणि पिशवी काढली.

पिशवी उलटी होती. लाल चौकडा बाहेर.

चुकून उलटली असेल, असं क्षणभर वाटलं. मग शिवण दिसली. अस्तराच्या ज्या उघड्या कडा मी तशाच सोडल्या होत्या त्या सगळ्या तिनं आत दुमडून, बारीक हातटाके घालून बसवल्या होत्या. नजर परत आल्यावरचेच टाके ते, आधी तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. आणि दोरा नवा नव्हता. हातात घेऊन घेऊन मळला होता, कापड मऊ पडलं होतं.

तिला माहीत होतं. ऑपरेशनपासून माहीत होतं. आपण वेड्या नाही हे माहीत असून ती वेडी म्हणवून घेत राहिली. मुलाला बोलली नाही. मला बोलली नाही. वर्षातून एकदा हात धरून फक्त विचारायची. आणि मी हो म्हणायचे — तिच्या तोंडावर, सगळं ठाऊक असलेल्या त्या तोंडावर.

मी मोठ्यानं रडले, ते सगळ्यांनी ऐकलं. पुढचं कुणी पाहिलं नाही. बाहेर बायका जमल्या होत्या, प्रत्येकीच्या घरात तीच पिशवी होती. मम्मीच्या हातात हा चौकडा दिसला की कुणीतरी लुगरं ओळखेल. विल्सन ओळखेल. मी दाराची कडी लावली आणि पिशवी पुन्हा उलटली. फुलं बाहेर, लाल आत. मग जपमाळ त्यात घालून पिशवी तिच्या हातात दिली.

शवपेटी बंद करण्याआधी विल्सननं तिच्या हातातली पिशवी पाहिली. तुझी भेट किती जपली बघ मम्मीनं, असं तो बायकांसमोर म्हणाला. बायकांनी डोळे पुसले. मी मान डोलावली.