सगळ्यांचं जेवण धरून

दिवाळीच्या सुट्टीत सातपुड्याच्या पायथ्याशी दोन दिवस जाऊन राहायचं ठरलं, आणि आमचं भांडण झालं ते जेवणावरून. शिरपूरच्या पुढे तलावाकाठी एक नवीन रिसॉर्ट झालं आहे. तिथे खोलीचं भाडं वेगळं आणि जेवणाचे दोन प्रकार. एक तर मागवाल त्याचं बिल द्या, नाहीतर मुक्कामाच्या सगळ्या जेवणाचे पैसे आधीच भरून टाका आणि नाश्त्यापासून रात्रीपर्यंत हवं तितकं खा. दुसऱ्या प्रकाराला अट एकच होती. घ्यायचं तर बरोबरच्या सगळ्यांचं घ्यायचं, कुणाला वगळायचं नाही.

मी जळगावला शाळेत गणित शिकवते, त्यामुळे असली कामं माहेरी आणि सासरी दोन्हीकडून माझ्याच गळ्यात पडतात. मी वहीच्या मागच्या पानावर चक्क कोष्टक काढलं. धुळ्याहून माझा धाकटा भाऊ, भावजय, त्यांची दोन मुलं आणि आमची माय. जळगावहून मी एकटी, कारण ऐन दिवाळीत आमच्या यजमानांना दुकान सोडवत नाही. भाऊ पंगतीला बसला की वाढपी त्याच्या पानासमोर उभाच राहतो. मुलांचंही तसंच, दिवसभर तोंड चालू. भावजय बेताची, मी मध्यम. एवढ्यांना ती योजना सरळसरळ परवडत होती. राहिली माय.

भावाला फोन केला तर तो म्हणाला, "अक्का, मायचंही भरावं लागणार असेल तर कशाला ती योजना? ती खाते का काही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला नाही नाही ते बोलले. आईचं ताट मोजतोस का, म्हणाले. खरं तर तो चूक बोललाच नव्हता, आणि मला राग आला होता तोही त्यामुळेच.

माय खातच नव्हती. माघात वडील गेले. त्याआधीचं अख्खं वर्ष घर दवाखान्यात होतं. मग पहिली आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरून पुजतात. त्या दिवशी घागरीपुढे हात जोडून माय म्हणाली, "मी भाकर सोडी दिधी. त्यासना नावनी." वडिलांना कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी जिवापाड आवडायची, तेव्हा आम्हा सगळ्यांचे डोळे भरून आले. आषाढात तिने पोळी सोडली. श्रावणात भात सोडला. कुणी असं काही सोडलं तर आमच्यात त्याला का म्हणून विचारत नाहीत. विचारणं म्हणजे त्या माणसाची श्रद्धा तपासण्यासारखं होतं. उलट मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत मायचं कौतुक सांगायची. या वयात केवढा निग्रह, असं सगळ्याजणी म्हणायच्या आणि मला बरं वाटायचं.

पण गणपतीत मी धुळ्याला गेले तेव्हा तिला पाठमोरी बघून ओळखलं नाही. पोलक्याच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. मी तिला न्हाऊ घातलं, तर पाठीचा मणका न् मणका हाताला लागला. ओळखीच्या डॉक्टरांना दाखवलं, तर तिने त्यांनाही आपलं व्रतच सांगितलं. त्यांनी हात जोडले, टॉनिक लिहून दिलं आणि दुःख हळूहळू ओसरेल म्हणाले. मला ते पटलं नाही. माझा संशय वेगळाच होता. मला वाटत होतं, भावजय तिला नीट वाढत नसेल. एकदा भावजय मला म्हणाली होती, "ताई, आईंना मोठ्या दवाखान्यात दाखवू या का? दुधात कुस्करलेलं तेवढं घेतात त्या." मी तिला उत्तर दिलं होतं, की दवाखाना नको, दोन वेळा समोर बसून आग्रह कर म्हणजे झालं. ती उठून मायसाठी दूध तापवायला गेली. अशी बायको मिळाली हे माझ्या भावाचं नशीब, हे मला फार उशिरा कळलं.

तर माझा डाव असा होता. मायला अन्न वाया गेलेलं सोसत नाही. मुलांनी टाकलेला वरणाचा शेवटचा थेंबसुद्धा ती वाटी विसळून प्यायची. लग्नात कुणी पानात टाकलं तर तिला रात्रभर चैन पडत नसे. तेव्हा तिच्या नावाने जेवण आधीच भरून टाकायचं आणि सांगायचं, आता तू खाल्लं नाहीस तर सगळं फुकट जाईल. व्रत मोडायला तिला दुसऱ्या कशाने भाग पाडता आलं नसतं. देवाला घाबरणारी बाई नव्हती ती, पण नासाडीला घाबरायची. मी कोष्टकात मायच्या रकान्यात पूर्ण जेवण लिहिलं आणि सहाही जणांचं भरून टाकलं. मनात म्हटलं, ही शेवटची युक्ती. ही चालली नाही तर माय येत्या उन्हाळ्यापर्यंत राहत नाही.

पोहोचलो त्या दुपारी जेवणघरात गेलो. मोठं गोल टेबल, सहा खुर्च्या. माय बसायला तयार होईना. आमच्या घरी आधी पुरुष जेवतात, मग मुलं, मग लेकीसुना, आणि सगळ्यांचं आवरलं की माय चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून चार घास खाते. गॅस आला तरी ती जागा तीच राहिली. त्या दिवशी तिला खुर्चीत बसवताना माझ्या लक्षात आलं, की माझं वय अठ्ठेचाळीस झालं आणि मी माझ्या आईला समोर बसून जेवताना पाहिलेलंच नाही. मला त्याचं तेवढ्यापुरतं नवल वाटलं आणि मी ताट घ्यायला उठले.

पहिल्या दुपारी तिने नुसती कढी घेतली, वाटीभर. म्हणाली, गाडी लागली. रात्री सूप घेतलं. मी आतून उकळत होते. भावाने माझ्याकडे एकदा बघितलं. बघ, मी सांगत होतो, असं त्या बघण्यात होतं. मुलं मात्र चौथ्यांदा गुलाबजाम घेऊन आली होती आणि त्यांच्या हसण्याने माझं डोकं आणखी उठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला संधीच दिली नाही. स्वतः ताट वाढून आणलं. दोन पुऱ्या, पोळी, वांग्याचं भरीत, शिरा. ते तिच्यापुढे ठेवलं आणि तिच्या शेजारी बसले.

"माले भूक नही," ती म्हणाली.

"भूक नाही हे मी सहा महिने ऐकते आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली, तरी मला थांबता आलं नाही. "तुझे पैसे भरलेत, माय. तीन वेळा जेवशील असे भरलेत. हे ताट आता उचलून कचऱ्यात टाकतील ते. चालेल तुला? वडील असते तर त्यांना चाललं असतं का?"

वडिलांचं नाव मी मुद्दाम घेतलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग पोळीचा एक तुकडा मोडला, अगदी नखाएवढा, भरताला लावला आणि तोंडात घातला.

मी जिंकले. खरंच, मला तेव्हा तसंच वाटलं. मी भावाकडे विजयाने बघितलं, पण तो फोनमध्ये होता.

माय चावत राहिली. नखाएवढा तुकडा, आणि ती मिनिटभर चावत होती. मग तिने पाण्याचा घोट घेतला. मान पुढे काढली, डोळे मिटले, छातीच्या मधोमध हाताची मूठ दाबून धरली. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. पुन्हा पाणी घेतलं. डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग पदर तोंडाशी नेऊन तिने तो घास, आणि त्याबरोबर पाणी, सगळं पदरात काढलं. आवाजसुद्धा केला नाही. पदराची घडी घालून तिने तो मांडीवर ठेवला, तोंड पुसलं आणि पुढचा तुकडा मोडायला हात पुढे केला. कारण मी बघत होते.

मी तिचा हात धरला. तो अगदी हलका होता.

हात धुवायच्या बेसिनपाशी मी तिला घेऊन गेले आणि पदर पाण्याखाली धरला. विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

"आखाजीना पहिलेपासून."

"आखाजीच्या आधीपासून? मग तू तेव्हा सोडलं म्हणालीस ते?"

ती आरशात बघत होती, माझ्याकडे नाही. "भाकर उतरे नही. गयामा अटके. मंग म्हणं, नहीतरी उतरत नही, तं त्यासना नावनी सोडी देऊ. तितलंच पुण्य."

"आणि पोळी? भात?"

"ते बी तसंच."

"मग सांगितलं का नाहीस?" मी तिला गदागदा हलवलं असतं, एवढा मला राग आला होता, आणि राग तिचा नव्हता.

"काय सांगू?" ती म्हणाली. "एक दवाखाना आते कोठे संपना. लगेच दुसरा काढू का?"

मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता निघायचं. सामान भावजय आवरेल, आपण धुळ्याला मोठ्या दवाखान्यात जायचं. तिने बेसिनचा काठ धरला आणि हलायला नकार दिला. तिचं वजन एवढुसं, मी उचलून नेऊ शकले असते. पण माय एकदा अडली की वडिलांनाही तिला हलवता आलं नव्हतं.

"दुपारनं जेवण भरेल शे," ती म्हणाली. "पोरेसले जेवू दे. तू बी जेव. मंग कोठे नेवानं तठे ने."

भावाला मी बागेत नेऊन सांगितलं. तो खाली लॉनवरच बसला. भावजयीला सांगितलं तर तिने नुसती मान हलवली, तिच्यासाठी त्यात नवीन काहीच नव्हतं. मुलांना काही सांगितलं नाही. मोबाईलवर मी गळ्यात घास अडकण्याची कारणं वाचली आणि फोन बंद करून पर्समध्ये टाकला. त्यातली दोन-तीन साधी होती. बाकीची नव्हती. नऊ-दहा किलो वजन गेलेल्या माणसाला त्यातलं कुठलं कारण असतं, हे कळायला गणित यावं लागत नाही.

दुपारी आम्ही सगळे त्या गोल टेबलाशी बसलो. माय बसली नाही. तिथल्या पोराच्या हातातून तिने पोळ्यांची टोपली मागून घेतली. तो हसून म्हणाला, आजी, तुम्ही बसा, हे आमचं काम आहे. ती म्हणाली, "मना बठ्ठा लेकरे शेतस ह्या," सगळी माझीच लेकरं, आणि वाढायला लागली. टेबलाभोवती फिरत, खुर्चीच्या पाठींना धरत. भावाला पोळी, नातवांना पोळी, सुनेच्या पानात तिने नको नको म्हणताना दोन वाढल्या. तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं. मला ते आनंद म्हणायची भीती वाटते, पण दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

माझ्या पानात तिने पोळी टाकली आणि तिथेच उभी राहिली. "खाय," म्हणाली. मी घास तोंडात घातला. तो मला गिळता येत होता. माझ्या गळ्याला काहीही झालेलं नव्हतं. मी रडत रडत तीन पोळ्या खाल्ल्या आणि एकीलाही नाही म्हणू शकले नाही. मुलं विचारत होती, आत्या का रडते. माय म्हणाली, भाजी तिखट शे.

संध्याकाळच्या आत धुळ्याला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून तपासणी झाली. तरुण डॉक्टर होता, स्वभावाने चांगला, घाईत नव्हता. त्याने फोटो दाखवले. अन्ननलिकेत पेन्सिल जाईल एवढीसुद्धा वाट उरली नव्हती. ऑपरेशनची वेळ निघून गेली आहे, म्हणाला, आता पोटात नळी घालून जेवण देता येईल, तेवढंच. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मग डॉक्टरने फाइल बंद केली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "सहा-सात महिने हे चाललंय. भाकरी बंद, पोळी बंद, भात बंद. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का?"

"आलं होतं," मी म्हणाले. "आम्ही तिच्या पाया पडायचो."