देवमाशाच्या जबड्याला हळद

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. चौथी झाली आणि शाळा सुटली, त्यानंतर हात पाटीपेक्षा माशांवरच जास्त चालला. ऱ्हस्वदीर्घाचा भरवसा नाही आणि अक्षर तर ओल्या वाळूवरून कुर्ल्या चालून गेल्यासारखं. जो कोणी वाचेल त्याने सांभाळून घ्यावं. खरं तर कोणी वाचावं म्हणून मी लिहीतही नाही. पण लिहिताना डोळ्यांपुढे आमच्या वाडीतल्या बायका येतात, जाळी विणत बसलेल्या, आणि मी त्यांनाच सांगते आहे असं वाटतं. त्यांच्यासमोर बसून एवढं बोलणं मला कधी जमलं नसतं.

मुलीकडे स्टॅनमोरला राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली. लंडनच्या कडेचा हा भाग. झाडं आहेत, बागा आहेत, समुद्र नाही. खाडीच्या तोंडाशी जन्मलेल्या माणसाला समुद्र नसला की कानात पोकळी राहते. माझी नात मीरा इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकवते. गेल्या श्रावणात तिने विचारलं, "आजी, तुला समुद्र दाखवू? खरावाला. नॉर्थला, व्हिटबीला."

मी तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी बांधून घेतली.

"आजी, माझा गाडी या वासाने मरेल," मीरा म्हणाली. तिचं मराठी असंच.

"काच उघडी ठेव," मी म्हटलं.

सकाळभर दोन्ही बाजूंना कापलेली शेतं आणि मेंढ्या. दुपार कलल्यावर रस्ता मूरवर (उंचावरच्या उघड्या माळरानावर) चढला. तिथे हीदर (गुडघ्याएवढं झुडूप) फुललं होतं. जिथवर नजर जाईल तिथवर जांभळं, आणि त्यावर धुकं. गाडी चालते आहे की माळरान सरकतं आहे ते कळेना. माझा डोळा लागला असावा, कारण पुढे आठवतो तो एकदम समुद्र. शिशाच्या रंगाचा, हलकेच हलणारा. कड्यावर एका पडक्या मठाच्या भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्या खिडक्यांतून नुसतं आभाळ दिसत होतं. खाली नदीच्या दोन्ही काठांवर घरांची दाटी, सगळ्यांवर तांबडी कौलं. आमचीच वाडी कुणीतरी उचलून थंडीत आणून ठेवली आहे असं मला वाटलं.

या गावातून पूर्वी देवमासा मारायला जहाजं जायची, पार बर्फाच्या समुद्रात. मीराने मला गावातल्या टेकडीवर नेलं. तिथे देवमाशाच्या जबड्याच्या दोन हाडांची कमान आहे. पूर्वीची हाडं वाऱ्यापावसाने झिजली म्हणून दुसऱ्या देशातून नवी आणून उभी केली आहेत. लोक तिच्याखाली हसत फोटो काढत होते. मी चपला काढल्या.

"आजी, व्हॉट आर यू डूइंग? पाय गार पडेल."

"देव आहे तो."

"इट्स अ व्हेल, आजी."

तिला काय सांगणार? आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी घुमटी आहे आणि तिच्यात देवमाशाचा एक मणका आहे, पाटाएवढा मोठा. फार पूर्वी मेलेला मासा वाहत आला होता त्याचा. नारळी पौर्णिमेला होड्या लोटायच्या आधी बायका त्या मणक्याला खोबरेल चोळतात, हळदकुंकू लावतात आणि आपापल्या माणसाचं नाव मनात घेतात. मीही घेत असे. लंडनला आल्यापासून ते राहिलं.

आम्ही मार्गरेट नावाच्या बाईंच्या घरी उतरलो. सत्तरीच्या असतील. वरच्या दोन खोल्या त्या प्रवाशांना देत. माझी पिशवी माझ्या हातून घेत म्हणाल्या, "या, लव्ह." इथे परक्यालाही लव्ह म्हणतात. चहा मागच्या अंगणात दिला. तिथे भिंतीला टेकून एक जबड्याचं हाड उभं होतं. एकटंच. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली तरी ते वर उरलं असतं. राखाडी, शेवाळलेलं, आणि जुन्या जांभ्या दगडासारखी सगळीकडे भोकं.

"जोडीचं होतं," मार्गरेटबाई म्हणाल्या. "दुसरं माझ्या आईच्या काळात कोसळलं."

त्यांच्या खापरपणजोबांनी ते आणलं होतं. ते भाला मारणारे होते. मीरा मला मराठीत सांगत होती, तरी एक गोष्ट बाईंनी हात वर करून सांगितली आणि ती मला मीराशिवायच कळली. जहाज परत येताना बायका कड्यावर उभ्या राहून वाट बघायच्या. डोलकाठीला जबडा बांधलेला दिसला, की समजायचं सगळे जिवंत आहेत. नाही दिसला, तर जहाज धक्क्याला लागेपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही.

माझ्या हातातला चहा निवून गेला. मीही तशीच उभी राहिले आहे, किती वर्षं. आमच्याकडे जबडा नव्हता. आम्ही शिडाचा रंग बघायचो.

बाईंनी घर विकलं होतं. थंडी सुरू व्हायच्या आत किल्ल्या द्यायच्या होत्या आणि नवे मालक अंगणात गाडी उभी करणार होते. त्यांना हाड नको होतं. "आणि इथे उघड्यावर राहिलं तर दोनचार हिवाळ्यांत भुगा होईल. उद्या संग्रहालयाच्या बाई बघायला येताहेत. त्यांनी आत घेतलं तर वाचलं. माझे वडील आम्हाला याला झोकाही बांधू द्यायचे नाहीत. ते माझ्या हातून जाऊ नये, एवढंच."

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती.

पहाटे मला जाग आली ती समुद्रपक्ष्यांच्या ओरडण्याने. उजाडलं होतं, पण सूर्य नव्हता. सगळं गाव दुधात बुडवल्यासारखं. मी कोण, कुठल्या किनाऱ्यावर आहे, याची मला नीट आठवण नव्हती आणि करूनही घ्यायची नव्हती. माझा नवरा दर वेळी परत आला. अनेक वादळं झाली, शेजारच्या होड्या गेल्या, त्याची आली. शेवटी तो घरातच, खाटेवर गेला. त्याच्या येण्याबद्दल मी कुणाचे आभार मानायचे राहिले होते का, असं मनात आलं. करंडा माझ्याजवळ असतोच. खोबरेलाची बाटली गारठून दगड झाली होती. ती पदराखाली धरून वितळवली आणि अनवाणी खाली गेले.

विचारायला हवं होतं. पण विचारणं माझ्याने होत नाही. दुकानात वस्तू कुठे आहे हेही मी विचारत नाही, शोधत राहते.

हाडाला तेल चोळलं. वाळूत पाणी जातं तसं ते आत गेलं, आणखी चोळलं, तेही गेलं. बाटली संपली. मग करंड्यातली सगळी हळद तळहातावर उरलेल्या तेलात कालवून बोटांनी पट्टे ओढले, मध्ये कुंकू लावलं. राखाडी हाड सोनेरी झालं. मी नवऱ्याचं नाव घेतलं, आणि मग ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत अशा त्या गावच्या बायकांच्या माणसांसाठीही हात जोडले.

वळले तर मार्गरेटबाई दारात उभ्या होत्या, घरच्या झग्यात.

"हे काय केलंत?" त्यांनी हळू विचारलं.

मला सगळे शब्द मराठीतच सुचत होते. त्या जवळ आल्या, हाडाला बोट लावलं, पिवळं झालेलं बोट बघितलं आणि आत गेल्या. न्याहारीला त्यांनी टोस्ट ठेवला. मीराने सगळं समजावलं, देव, पौर्णिमा, होड्या. त्या म्हणाल्या, "आमच्यात त्याला उकळायचे." एवढंच.

संग्रहालयाच्या बाई हातमोजे घालून आल्या. हाडाजवळ वाकल्या, वास घेतला.

"नारळ?"

मी मान हलवली.

त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी सावकाश सांगितलं, मीराने मला. जुनं हाड पोकळ असतं. वर्षानुवर्षं त्यातलं स्वतःचं तेल कसंबसं निघून गेलेलं असतं. आता नवं आत गेलं, ते खवट होणार, धूळ धरणार, बुरशी येणार. हळद उन्हात थोडी उडेल, पण तेल काढायला लेप लावावे लागतील, पुन्हा पुन्हा, आणि ते काम जाणकाराचं. साफ झाल्याशिवाय आत घेता येणार नाही, शेजारच्या वस्तूही नासतील. साफ करायला संग्रहालयाकडे पैसे नाहीत.

त्यांनी अंदाजे आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही.

"आय पे," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

मार्गरेटबाईंनी प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिलं. "कुठून?"

मी पुन्हा म्हटलं, "आय पे."

थांबायला वेळ नव्हता. घर हलवण्यासाठी मार्गरेटबाईंनी पैसे बाजूला ठेवले होते, ते त्यांनी साफसफाईला द्यायचं कबूल केलं, आणि मी ते त्यांना थोडे थोडे करून फेडायचे. मीरा म्हणाली, "आजी, मी देतो, इट्स फाइन." मी नको म्हटलं. हात माझा लागला होता.

त्या दिवशी आम्ही गाव पाहिलं, म्हणजे मीराने पाहिलं आणि मी तिच्या मागून चालले. अरुंद गल्ल्या, दगडी फरशी, एका बोळातून येणारा किपरचा (धुरावर सुकवलेल्या माशाचा) वास. नदीकाठी एका पाटीपुढे थांबून मीरा वाचत होती. इथे मोठ्या कढयांत चरबी उकळायचे आणि त्या तेलावर दिवे जळायचे. वाऱ्याची दिशा बदलली की अख्ख्या गावाला घाण येई. मला आमचं मुशीचं (छोट्या शार्क माशाचं) तेल आठवलं, होडीच्या लाकडाला लावतात ते. त्याचा वास लग्नाच्या शालूलाही यायचा आणि कुणी नाक मुरडलं तर सासू म्हणायची, याच वासावर जेवतेस. त्या काठावर उभी असताना धुकं पुन्हा उतरलं. पलीकडचा काठ गेला, मठ गेला, कौलं गेली. धुक्यात बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. आत्ताच्या की तेव्हाच्या, मी विचार केला नाही.

संध्याकाळी बाईंनी स्वतः चहा वर आणून दिला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"तुमच्याकडे देवमासा मारतच नाहीत?"

"नाही. तो आपणहून येतो. मेलेला," मी म्हटलं. मीराने सांगितलं.

"मग काय करता?"

"सुतक धरतो. त्या दिवशी होडी जात नाही."

"माझ्या खापरपणजोबांना हे सांगितलं असतं तर ते पोट धरून हसले असते," त्या म्हणाल्या. मग, "पैशाचं मात्र मी विसरणार नाही हं, लव्ह."

"विसरू नका," मी म्हटलं.

स्टॅनमोरला परत आल्यावर मी मसाला करायचं ठरवलं. आमचा वर्षाचा मसाला मला डोळे मिटून येतो. मीराने वेम्बलीहून मिरच्या आणल्या. पहिल्याच घाण्याला धुराचा भोंगा वाजला, मुलगी शिंकत धावत आली. "आई, शेजारी फायर ब्रिगेडला फोन करतील." पुढची भाजणी मागच्या बागेत शेगडीवर केली, छत्री धरून.

करणं सोपं होतं. विकणं नाही. मुलीने ओळखीच्या मराठी घरांचे नंबर दिले. पहिला नंबर लावला आणि पलीकडून "हॅलो" आल्याबरोबर कापला. तिसऱ्या वेळी त्या बाईच म्हणाल्या, "अहो, कोण आहे? ठेवू नका, बोला." मी बोलले. त्यांनी दोन पाकिटं घेतली आणि बहिणीला सांगितलं. बहीण बेसिंगस्टोकला. तिथून एवढ्या ऑर्डरी आल्या की त्या गावात आमच्या मसाल्याशिवाय कुणी जेवत नसावं. महिन्याच्या महिन्याला मीरा माझे पैसे बाईंना पाठवत गेली. थंडीच्या आधी त्यांचा फोन आला, किल्ल्या दिल्या, हाड साफ करणाऱ्यांकडे आहे, आत घेतील की नाही अजून ठरत नाही. त्यानंतर मी फोनची वाट बघत मिरच्या खुडत राहिले.

वसंतात फोन आला. हाड आत घेतलं.

शेवटचे पैसे मी पाठवले नाहीत, घेऊन गेले. आगगाडीने, मीराबरोबर. संग्रहालयाच्या एका खोलीत मंद उजेड होता आणि लाकडी आधारावर ते आडवं ठेवलं होतं, झोपवल्यासारखं. शेवाळ गेलं होतं. रंग वाळलेल्या भाकरीचा. एका बाजूला, वाकून पाहिलं तर, बोटांचे चार फिके पिवळे पट्टे.

"एवढं राहिलं," संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. "आणखी काढलं असतं तर हाडच निघालं असतं. थांबले."

मार्गरेटबाई आता नदीजवळ एका लहान फ्लॅटमध्ये राहतात. आम्ही दोघी धक्क्यावर बाकावर बसलो. मीरा चिप्स आणायला गेली. भरती येत होती, होड्या एकेक करून तरंगायला लागल्या होत्या. मला वाटलं, जे जपलं जातं त्यावर कुणाकुणाचा हात राहतोच. मारणाऱ्याचा, झोका न बांधू देणाऱ्याचा, माझा. ते पुसून काढायला गेलं तर वस्तूच उरायची नाही.

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते न उघडताच पर्समध्ये टाकलं.

"काउंट, प्लीज," मी म्हटलं.

"काही गरज नाही, लव्ह."

"काउंट."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पाकीट बाहेर काढलं, वाऱ्याकडे पाठ केली आणि ओठ हलवत एकेक नोट मांडीवर ठेवत मोजली. शेवटची नोट ठेवून त्यावर तळहात दाबला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "फिटलं सगळं."