गाढवांच्या मैदानावर अठ्ठेचाळीस घरं

गाढव माझ्या नकाशावर उभं होतं आणि उतरायला तयार नव्हतं.

नकाशा मोठ्या कागदावरचा, रंगीत, आदल्याच दिवशी प्रिंट केलेला. मैदानात जमिनीवर पसरून मी त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले होते. गाढव पांढरंशुभ्र, उंच, पाठीवर लाल कापड. त्याचे पुढचे दोन पाय बरोबर ‘साइट सी’वर होते.

“बाय, तो हलायचा नाय,” आमचे सर्व्हेअर रज्जाकभाई म्हणाले. ते रत्नागिरीचे. बहरीनमध्ये त्यांची पंचवीस वर्षं झाली, पण ‘बाय’ सुटलेलं नाही. “त्याची जागा हाय ती.”

मी गाढवाच्या पायाखाली पाहिलं, मग समोर मैदानात पाहिलं. रज्जाकभाईंचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

माझं काम टाउन प्लॅनिंगचं. कुठे घरं, कुठे रस्ता, कुठे शाळा, हे ठरवायचं. बहरीनच्या पश्चिमेकडच्या एका गावाचा आराखडा आमच्या छोट्या कन्सल्टन्सीकडे आला होता. गाव म्हणजे जुनी वस्ती, एक मशीद, खजुराच्या बागा आणि वर्षानुवर्षं घराच्या यादीत नाव असलेली तरुण जोडपी. त्यांच्यासाठी अठ्ठेचाळीस घरांची जागा शोधायची होती. अट एकच. महिनाअखेरीला गावाने एका जागेवर सही केली नाही, तर ती घरं समुद्रात भराव टाकून केलेल्या नव्या वसाहतीत जाणार, आणि घरांबरोबर माणसंही.

हे सगळ्यात जास्त झैनबला लागलं होतं. ती गावातल्याच शाळेत शिकवते. तिचं लग्न ठरलेलं, घर मिळालं की तारीख काढायची. आईबाप नाहीत, आजोबांनी वाढवलं. आजोबा म्हणजे हाजी अब्बास, गावातले सर्वांत वडीलधारे. गावाच्या वतीने सहीही त्यांचीच लागणार होती. “मी तिकडे राहायला गेले तर आजोबांकडे कोण बघणार?” असं झैनब पहिल्याच भेटीत म्हणाली होती. ती गावकऱ्यांच्या समितीची सेक्रेटरी होती आणि आमचे ईमेल वेळेवर वाचणारी एकमेव सभासद.

जागा निवडायची आमची पद्धत सोपी. रस्ता जवळ आहे का, गटाराची लाइन कुठे आहे, जमीन सपाट आहे का, मालकी कोणाची, अशा प्रत्येक प्रश्नाला मार्क द्यायचे आणि बेरीज करायची. याला आम्ही मॅट्रिक्स म्हणतो. क्लायंटला तो शब्द आवडतो.

चार जागा होत्या. साइट ए ही खजुराची सुकलेली बाग. तिला एकोणीस वारस, त्यातले सहा परदेशात आणि दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. वसईला माझ्या काकांच्या केळीच्या वाडीचे अकराच वारस आहेत आणि तिथे अजून साधं कुंपण झालेलं नाही. मी ए वर काट मारली. साइट बी कब्रस्तानाला लागून. “शेजार शांत आहे,” रज्जाकभाई म्हणाले. पण कब्रस्तानालाही वाढायला जागा लागतेच. साइट डी सखल. बहरीनमध्ये पाऊस वर्षातून मोजके दिवस पडतो, पण पडला की डी चं तळं होतं आणि पंप लावावे लागतात.

उरली साइट सी. सपाट, मोकळी, सरकारी, गटाराची लाइन शेजारून गेलेली. सॅटेलाइट फोटोत तिच्यावर लंबगोल कच्चा रस्ताही दिसत होता. ‘अंतर्गत रस्त्याची आखणी अस्तित्वात’, असं लिहून मी त्याचे वेगळे दहा मार्क दिले. शंभरापैकी सत्त्याऐंशी. इतके मला दहावीलाही नव्हते.

आम्ही पाच वेळा जागेवर गेलो. पाचही वेळा कामाच्या दिवशी, सकाळी आठ ते दहा. रज्जाकभाईंना तिथे लीद दिसली होती. फॉर्मवर मी लिहिलं, ‘भटकी जनावरं, किरकोळ’.

मग गावाची सभा झाली. मी स्लाइड्स दाखवल्या. ए, बी आणि डी च्या वेळी भांडणं झाली, प्रत्येकाला ती घरं दुसऱ्याच्या मेहुण्याच्या दाराशी हवी होती. साइट सी ची स्लाइड आली आणि सगळे गप्प. हाजी अब्बासांनी छताकडे पाहिलं. झैनबने वहीत काहीतरी लिहिलं.

“कोणाची हरकत?” मी विचारलं.

“इंशाल्ला,” हाजी अब्बास म्हणाले.

“इंशाल्ला,” झैनब म्हणाली. मग ओळीने सगळेच म्हणाले.

आमचे बॉस समीर साहेब जॉर्डनचे. ते गाडीत बसता बसता खूश. “खलास! एकमत! उद्या रिपोर्ट पाठवून दे.”

रज्जाकभाई मागच्या सीटवरून मराठीत म्हणाले, “बाय, हे काय बरं लक्षण नाय. सगळे इंशाल्ला बोलले. हो कोण बोलला?”

रात्रीच झैनबचा मेसेज आला. ‘मुहंदिसा, शुक्रवारी चार वाजता साइट सी वर या. मी सांगितलं असं कोणाला सांगू नका.’ मुहंदिसा म्हणजे इंजिनियर बाई. मी इंजिनियर नाही, पण हे समजावणं मी केव्हाच सोडून दिलं आहे. शुक्रवार म्हणजे इथे सुट्टी. रज्जाकभाईंना जुम्म्याच्या नमाजानंतर घेतलं आणि गेले.

माझ्या अंतर्गत रस्त्यावर गाढवांची शर्यत चालू होती.

अख्खं गाव आलं होतं. पिकअप उलट्या लावून त्यावर खुर्च्या टाकलेल्या. चहाचे थर्मास, उकडलेले चणे, लाउडस्पीकरवर कॉमेंटरी. चौदा पांढरी गाढवं लंबगोलावर धावत होती, म्हणजे अकरा धावत होती, दोन चालत होती आणि एक माझ्या नकाशावर उभं होतं. ते हाजी अब्बासांचं. नाव रॉकेट.

हाजी अब्बास स्वतः आले. तरुणपणी त्यांनी मनामाच्या जुन्या बाजारात एका भारतीय कापडवाल्याकडे काम केलं होतं, त्यामुळे हिंदी बरं.

“बहेन, ये मेरे बाप का टाइम से है,” ते म्हणाले. “हर जुम्मा.”

“तर मग सभेत का नाही बोललात?”

त्यांनी झैनबकडे बोट दाखवलं. ती लांब गाडीपाशी उभी होती. “ये बच्ची को घर चाहिए. मैं बोलेगा गधा चाहिए? कैसा बोलेगा?”

मी झैनबकडे गेले. “तू का नाही सांगितलंस?”

“आजोबा समोर बसले होते,” ती म्हणाली. “त्यांची शर्यत बंद करा असं मी त्यांच्या तोंडावर कशी म्हणू? ते नाही म्हणतील असं वाटलं. ते इंशाल्ला म्हणाले, मग मीही म्हणाले.”

“ते तुझ्यासाठी म्हणाले.”

“हो का?” ती म्हणाली. “मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही.”

थोडक्यात, आजोबा नातीच्या भिडेने गप्प आणि नात आजोबांच्या. गाव दोघांच्या भिडेने गप्प. आणि मी सत्त्याऐंशी मार्क देऊन मोकळी. महिना संपायला बारा दिवस होते.

घरी मुलीला सांगितलं. तिने फोनमधून डोकं वर काढलं. “ममा, यू लॉस्ट टू अ डाँकी?”

“अजून नाही,” मी म्हटलं.

रविवारी मी ऑफिसात नवीन मॅट्रिक्स उघडला. घरांना न चालणारी जागा गाढवांना चालेल का, एवढाच प्रश्न होता. साइट डी. वर्षातून चार दिवस तळं, बाकी दिवस मोकळी. तिथे कोणी राहणार नाही, त्यामुळे कोणी बुडणार नाही.

समीर साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं. “हा निकष काय आहे? ‘मावळतीचं ऊन डोळ्यांत’?”

“गाढवांच्या.”

“तू गाढवांसाठी साइट सिलेक्शन करते आहेस?”

“हो. त्यांची झाली की माणसांची होते.”

ते दार लावून आत गेले. नाही म्हणाले नाहीत.

निकष गावातल्या म्हाताऱ्यांनी मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसून सांगितले. माती मऊ हवी. ऊन पाठीशी हवं. वळण मोठं हवं, कारण गाढवाला वळायला आवडत नाही. शिवाय अमुक एकाच्या पिकअपची जागा तमुकच्या पुढे नको. तोही निकष मी लिहून घेतला. डी ला ब्याण्णव मार्क पडले. रज्जाकभाईंनी दोन दिवसांत चुन्याने ट्रॅक आखला.

पुढच्या शुक्रवारी ट्रायल. शिट्टी वाजली. गाढवं सुटली, अर्धी फेरी झकास पळाली, वळली आणि थांबली. सगळी. तोंडासमोर काठी फिरवून झाली, लगाम ओढून झाले, चणे दाखवून झाले. मग रॉकेटने ट्रॅक सोडला आणि शांतपणे गावाच्या दिशेने चालू लागला. बाकीची तेरा त्याच्यामागे. रस्ता ओलांडताना त्यांनी एक पाण्याचा टँकर आणि माझी गाडी अडवली.

“मफी,” हाजी अब्बास म्हणाले. म्हणजे नाही, संपलं. ते खाली बसले. त्यांनी झैनबकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “ठीक है. घर बनाओ. गधा खलास.”

“आजोबा, नको,” झैनब म्हणाली. “मी तिकडच्या वसाहतीत जाईन.”

पुन्हा तेच. आता दोघं एकमेकांसाठी उघड नकार देत होती, एवढीच प्रगती. सहीला पाच दिवस.

रज्जाकभाई मात्र गाढवांकडे बघत होते. “हाजी, जुन्या मैदानात शेवट कुठे व्हायचा?”

“गाव की तरफ.”

“आणि चारा?”

“उधर ही. घर में.”

रज्जाकभाई माझ्याकडे वळले. “बाय, ही शर्यत जिंकायला पळत नायत. घरी खायला पळतात. आपण शेवटच्या टप्प्यात त्यांची पाठ गावाकडे केली.”

मी तिथेच गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला. ट्रॅक सिलेक्ट केला. रोटेट, एकशे ऐंशी, एंटर. आता शेवटचा सरळ टप्पा गावाकडे येत होता. उन्हाच्या निकषाचे चार मार्क गेले. जाऊ देत. चुना मात्र सगळा पुन्हा टाकावा लागला आणि रज्जाकभाई त्या दिवशी मला बाय म्हणाले नाहीत, मॅडम म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी पुन्हा शिट्टी. पहिल्या अर्ध्या फेरीत गाढवं नुसती चालली. मग वळणावरून त्यांना गाव दिसलं. त्यानंतर जे झालं, त्याला शर्यत म्हणतात. रॉकेट तिसरा आला. हाजी अब्बासांनी पंचांशी वाद घातला, म्हणजे सगळं ठीक होतं. वाद संपल्यावर त्यांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला, एका पिकअपच्या दारावर टेकवला आणि साइट सी समोर सही केली. झैनबने साक्षीदार म्हणून केली. तिला मी ‘इंशाल्ला नको, हो म्हण’ असं सांगितलं. ती हो म्हणाली.

एक अडचण उरली होती. समीर साहेब म्हणाले, “रिपोर्टमध्ये गाढव लिहायचं नाही. मंजुरी देणारी सरकारी समिती काय म्हणेल?”

“मग काय लिहू?”

“इक्वेस्ट्रियन फॅसिलिटी.”

म्हणजे घोडेस्वारीची सोय. तसं लिहिलं. समितीला फार आवडलं. त्यांनी पत्र पाठवून विचारलं की घोडे किती, आणि पाहुण्यांसाठी शामियाना आहे का. मी उत्तर दिलं, घोडे शून्य, शामियाना नाही, पिकअप आहेत. त्यावर काही आलं नाही. पंधरा दिवसांनी मंजुरी आली. सी वर घरांचे पाये खणायला सुरुवात झाली आहे. झैनबला कोपऱ्यातला प्लॉट मिळाला. आजोबांच्या घरापासून चालत चार मिनिटं, आजोबा चालले तर नऊ.

ऑफिसच्या साइट फॉर्मवर आता पहिलीच ओळ नवीन आहे. ‘जागा सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी पाहिली का?’ समीर साहेबांनी विचारलं, हिला किती मार्क ठेवायचे. मी सांगितलं, मार्क नाहीत. उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढचा फॉर्म भरायचाच नाही.