चाचांचे अंगठे

राजुऱ्याच्या मालिशवाल्या चाचांचे अंगठे मागे इतके वळायचे की लहानपणी मला ते उलटे बसवल्यासारखे वाटत. हातात साधा चहाचा कप असला, तरी अंगठे आपले बाहेर बघत असायचे. त्या अंगठ्यांवर चाचांचं घर चालायचं, आणि कोळसा खाणीतल्या निम्म्या माणसांच्या कमराही.

माझी माय तलावातल्या मासोळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची. तिची टाच दुखायला लागली. सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टाकलं की डोळ्यांत पाणी. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि टाचेचं हाड वाढलंय म्हणून सांगितलं. चाचांनी तो फोटो उन्हात धरला, तोही उलटा, आणि खो खो हसले. "या वयात हाड कुठी वाढते बाई? तू का लहान पोरगी हायेस? गाठ होय हे. गाठ रगडली का जाते."

झालं! दर बाजाराच्या दिवशी मायचा पाय चाचांच्या मांडीवर. बाईमाणूस आलं की चाची शेजारी येऊन बसायची आणि तिच्या खांद्यावर हात ठेवायची, असा त्या घरचा रिवाजच होता. मोहाच्या बियांचं तेल चोळून चाचा टाचेत अंगठा रोवायचे. माय पदर चावायची. "रडून घे बाई, पण पाय ओढू नको," हे चाचांचं ठरलेलं वाक्य. खाणीतले धिप्पाड गडीसुद्धा ते ऐकून निमूट रडून घेत.

टाच काही बरी झाली नाही. दोन दिवस उतार पडायचा, की पुन्हा लंगडणं सुरू. मला चाचांचा भारी राग यायचा. माय मात्र म्हणायची, "डॉक्टरनं फोटो पाह्यला वं. चाचानं पाय हातात घेतला."

मग चाचांच्याच उजव्या अंगठ्याच्या बुडाशी टेंगूळ आलं. चाचांना खात्री, गाठच! गिऱ्हाईक नसलं की डाव्या अंगठ्यानं उजवा रगडत बसायचे. चाची ओरडायची, मी विनवायची, पण ते ऐकतील तर शपथ. पुढे डावाही सुजला. शेवटी मीच त्यांना चंद्रपूरला नेलं. दोन्ही अंगठ्यांत हाड वाढलं होतं. डॉक्टरांनी मालिश कायमची बंद करायला सांगितली. बाहेर आल्यावर चाचा फोटो सरळ धरून कितीतरी वेळ बघत राहिले. "बेटा, आता मी काय करू? मले दुसरं काई येतच नाई." मी त्यांना उसाचा रस पाजला. माझ्या हातात दुसरं होतंच काय!

परवा मायला घेऊन त्यांच्याकडे गेले. आपल्या जुन्या गिऱ्हाइकाला पाहून चाचा सवयीनं तेलाची बाटली उघडायला गेले. झाकण काही फिरेना. मायनं बाटली त्यांच्याकडून घेतली, उघडली, आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर ठेवला. तिचं बोट लागताच चाचांनी हात मागे घेतला.

"रडून घ्या चाचा," तो हात पुन्हा मांडीवर घेत माय म्हणाली, "पण हात ओढू नका."

चाची उठून आली आणि चाचांच्या खांद्यावर हात ठेवून बसली. चोळून काही जाणार नाही, हे आता आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. माय हळूहळू तेल लावत राहिली. चाचा ओक्साबोक्शी रडले. हात मात्र त्यांनी ओढला नाही.